शेवटचा ढीग नाव घेणारीचा

प्रणितनं माझं पुस्तक लाटलं असं मी सांगायला लागले, की ऐकणारा आधी विचारतो, "कसलं पुस्तक?" ते सांगितलं की विचारतो, "म्हणजे कसला खेळ?" हे सगळं समजावून देईपर्यंत माझा अर्धा राग जिरलेला असतो आणि चोर तेवढ्यात निसटतो. म्हणून या वेळी खेळ आधीच सांगून टाकते.

पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही जंगलात आहात, समोर पडकं देऊळ आहे, आतून आवाज येतोय, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी म्हणतं मी आत जाते, कुणी म्हणतं मी झाडावर चढतो. जमलं की नाही ते फासे ठरवतात. हे फासे आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, वीस बाजूंचेही असतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. परदेशात या खेळासाठी गोष्टींची पुस्तकं निघतात. कुणीतरी घरी बसून गाव रचतो, नकाशा काढतो, भुताखेतांची ताकद आकड्यांत मांडतो आणि कंपनीला पाठवतो. आवडलं तर ती छापते, आणि कुठले कुठले सूत्रधार ते घेऊन आपापल्या टेबलावर खेळवतात. असं एक पुस्तक मी लिहिलं. चंद्रपुरात, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, २००४ साली.

प्रणित आमच्या वर्गात होता. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला, इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याच्या मामेभावानं बंगलोरहून फाशांची पिशवी आणि नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. शनिवारी दुपारी कॅन्टीन रिकामं व्हायचं तेव्हा आम्ही बसायचो: प्रणित, अमर, आचल, सुरेंद्र आणि मी. सुरुवातीला प्रणितच सूत्रधार असायचा, आणि त्याच्या गोष्टींत कायम बर्फ पडायचा. चंद्रपुरात, एप्रिल महिन्यात, पंखा बंद असताना आम्ही घाम पुसत बर्फातून चालायचो. एका शनिवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हे काय लावलं बर्फ न् किल्ले? सरक तिकडं. आज मी सांगते."

आणि मी माझ्या गावचा तलाव सांगितला.

आमचं गाव पोंभुर्ण्याहून दोन कोसांवर. तलावावर जगणारी सतरा घरं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की सगळी घरं मिळून मोठं जाळं ओढतात. मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणतात आणि पळसाच्या पानांवर त्यांचे ढीग घालतात, घरटी एक. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. लटारूकाका एका ढिगाला काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोऱ्या माणसानं न बघता एक नाव घ्यायचं. तो ढीग त्या घराचा. कुणाच्या वाट्याला मोठा रोहू येतो, कुणाच्या नुसते झिंगे, पण कुणी कुरकुरत नाही, कारण नाव घेणाऱ्यानं काही पाहिलेलंच नसतं. जो आजारी आहे, जो परगावी गेलाय, त्याचंही नाव घेतात. त्या वेळी पाळीवर उभा असेल तो वाटसरू असला तरी त्याचाही ढीग घालतात. फक्त नाव घेणाऱ्यानं आपलं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांची नावं संपली की जो ढीग उरेल तो त्याचा.

मी सहा वर्षांची असल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. ढीग उरला नाही असं एकदाही झालं नाही.

माझ्या गोष्टीतलं गाव असंच होतं, पण त्याच्या तलावात मासाच येईनासा झालेला. जाळं टाकलं की रिकामं, आणि जाळ्याला आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं जड. खेळाडू तलवारी घेऊन पाण्यात उतरतात आणि मार खाऊन परत येतात, कारण ते भूत तलवारीनं मरत नाही. फार वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळी कुणाचं तरी नाव घ्यायचं राहून गेलेलं असतं. तोच आत बसलेला असतो. खेळाडूंनी घरोघर फिरायचं, म्हाताऱ्यांशी बोलायचं, नाव शोधून काढायचं आणि पाळीवर पाठमोरं उभं राहून ते मोठ्यानं घ्यायचं. बस्स. आमच्या टेबलावर ते नाव आचलनं घेतलं आणि घेताना रडली. प्रणित हातातला फासा टाकायचा विसरला होता. मग म्हणाला, "यार दिव्यानी, हे छापाले पाह्यजे."

छापायचं म्हणजे काय ते त्यानंच शोधलं, हे मी नाकारत नाही. कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत तासन्‌तास बसून त्यानं अमेरिकेतली एक लहानशी कंपनी हुडकली. बाहेरच्या कुणाचंही लिखाण ते वाचत. आधी एका पानात कल्पना पाठवायची. त्यांनी हो म्हटलं की पूर्ण मजकूर, नकाशा, आणि प्रत्यक्ष खेळून पाहिल्याचा अहवाल. मी दोन शंभरपानी वह्या भरून मराठीत लिहिलं. प्रणितनं त्याचं इंग्रजी केलं, आकडे नियमांत बसवले. माझं इंग्रजी तेव्हा परीक्षेपुरतं होतं. संपादकानं तीनदा परत पाठवलं. कधी भूत फार दुबळं आहे म्हणून, कधी खेळाडू मधेच अडकतात म्हणून. तीनही वेळा मी पुन्हा लिहिलं, जर्नल्स बाजूला ठेवून, आणि एका विषयात नापास होता होता वाचले. २००५ च्या फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं. ते छापणार होते. संपादकानं लिहिलं होतं की नाव राहून गेलेल्या माणसाचं भूत त्यानं याआधी कुठं वाचलं नव्हतं.

त्या रविवारी मी गावी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांना आधी वाटलं, फासे म्हणजे सट्टा.

"कॉलेजात हे करून राह्यली का तू?"

"सट्टा नाई, बाबा. गोष्टीचं पुस्तक हाय. माह्यं नाव छापून येनार. अमेरिकेत."

बाबा जाळं विणत होते, ते थांबले. त्यांचं स्वतःचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं होतं, मतदार यादीत, आणि तिथंही इस्तारी या नावाऐवजी भलतंच काहीतरी. "पुरं नाव येते का बापाचं धरून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येते. दुसऱ्या दिवशी बस पकडायला निघाले तर गावातली सगळी माणसं मला पुस्तकाचंच विचारत होती. पोस्टमन सोमाजी तर म्हणाला, "आलं की पह्यले मी आनून देतो."

माझी चूक झाली ती मे महिन्यात. कंपनीनं शेवटचं एक पान मागितलं होतं, पुस्तकासाठी कुणी काय केलं त्याच्या नावांचं. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती आणि मला गावची बस धरायची होती. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं. नकाशा: अमर. इंग्रजी आणि नियम: प्रणित. खेळून पाहणारे: आचल, सुरेंद्र. सुरेंद्र दोनदा खेळला होता आणि तिसऱ्यांदा टेबलावरच झोपला होता, पण त्याचंही नाव घेतलं, वरून सगळ्यांची आडनावं आठवून लिहिली. मग लिहिलं, लेखन, आणि पुढची जागा रिकामी सोडली.

लोक मला यावरून वेड्यात काढतात. काढा. पण आपलं नाव आपण घ्यायचं नाही हे माझ्या जिभेला सहाव्या वर्षापासून शिकवलेलं होतं. बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. उरली होती ती एकच जागा, आणि उरेल ती नाव घेणाऱ्याची. मला ते इतकं उघड दिसत होतं की सांगायचंही सुचलं नाही. वही प्रणितच्या हातात दिली आणि बस पकडली. आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता.

पुस्तक नोव्हेंबरात आलं. प्रणित तोवर नोकरीला पुण्यात गेला होता. तिथून त्यानं एक प्रत पाठवली होती, आणि आत चिठ्ठी: "आपलं पुस्तक!" सोमाजीनं शब्द पाळला. सायकल दामटत तो सरळ आमच्या अंगणात आला आणि त्याच्यामागे निम्मं गाव. आई, बाबा, लटारूकाका, सगळे उभे. मी पाकीट फाडलं. मुखपृष्ठावर तलाव होता, पाळ होती, पाळीवर पाठमोरी उभी असलेली एक मुलगी होती. चित्र फार सुंदर होतं. त्याखाली लेखकाचं नाव होतं. प्रणितचं.

मला वाटलं आत असेल. पान उलटलं. अमर होता. आचल होती. झोपाळू सुरेंद्र आडनावासकट होता. मी कुठंच नव्हते. शेवटच्या पानावर लेखकाची ओळख होती: मध्य भारतातल्या मासेमारीच्या तलावांकाठी त्याचं बालपण गेलं. प्रणितला पोहताही येत नव्हतं. जिवंत मासा हातात द्यायला गेलं तर तो दोन पावलं मागे सरकायचा. त्यानं माझं नुसतं पुस्तक नेलं नव्हतं, माझं लहानपणही उचलून नेलं होतं. अंगाची नुसती आग झाली. आणि नाव राहून गेलेल्या माणसाच्या पुस्तकात माझंच नाव राहून गेलं होतं, याचं हसूही येईना.

"कुठी हाय?" बाबांनी विचारलं. त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसून घेतले होते. "तुह्यं नाव कुठी हाय, दाखव."

बाबांना मराठी जुळवून वाचता येतं. इंग्रजी अजिबात नाही. आजूबाजूला सगळे माना उंचावून उभे होते. मी मुखपृष्ठावरच्या प्रणितच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे पाहा."

"येवढंसं?"

"इंग्रजीत लहान होते, बाबा."

त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. मग लटारूकाकाला दाखवलं, सोमाजीला दाखवलं. आईनं पुस्तकाला हळदकुंकू लावलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाबांनी ते देवळीत देवांच्या शेजारी ठेवलं. त्यानंतर घरी जो येईल त्याला ते काढून दाखवत, बरोबर त्याच जागी बोट ठेवत.

पोंभुर्ण्याच्या एसटीडी बूथवरून मी प्रणितला फोन केला. तो म्हणाला, "अरे यार, तूच तर जागा रिकामी सोडली होती. त्यायले एका हप्त्यात सही पाह्यजे होती, तू गावात. मी काय करू? पुढच्या पुस्तकात टाकू न तुझं नाव." इतक्या गोड आवाजात म्हणाला की बूथमधून बाहेर पडताना मला क्षणभर माझीच चूक वाटली. मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कंपनीला पत्र लिहिलं. संपादकाचं उत्तर सभ्य होतं. आमच्याकडे लेखकाची सही आहे, त्यानं लिहून दिलंय की हे लेखन सर्वस्वी त्याचं एकट्याचं आहे, तुमचं आपसातलं तुम्ही बघा. रिकामी जागा भरणं वेगळं आणि "माझं एकट्याचं" असं लिहून देणं वेगळं. त्या दिवशी मला कळलं की ही चूक नव्हती, घाईही नव्हती. त्यानं विचार करून, थंड डोक्यानं केलं होतं, आणि वर मला "आपलं पुस्तक" म्हणून चिठ्ठी पाठवली होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कशी? बाबांचं बोट आड येत होतं.

पुढच्या मे महिन्यात, मोठं जाळं ओढायच्या दिवशी, प्रणित गावात आला. चंद्रपुरातून कुणाची तरी मोटरसायकल घेऊन, दुपारचा, डोक्याला रुमाल बांधून. मी तेव्हा पोंभुर्ण्यात संगणकाचे वर्ग घेत होते आणि वाटणीसाठी सुट्टी काढून आले होते. जाळं नुकतंच बाहेर आलं होतं. बाबांना कळलं की हा दिव्यानीसोबत शिकलेला, तर त्यांनी लटारूकाकाला ओरडून सांगितलं, "पाहुन्याचा येक ढीग जास्तीचा घाल रे!" आणि स्वतः धावत घरी जाऊन देवळीतलं पुस्तक घेऊन आले.

"हे पाहा," त्यांनी पिशवी सोडली आणि प्रणितच्या नावावर बोट ठेवून पुस्तक प्रणितच्याच समोर धरलं. "हे आमच्या दिव्यानीचं नाव हाय. अमेरिकेतून छापून आलं."

प्रणितनं त्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तरी याचं तोंड उतरेल, आता तरी काहीतरी होईल. तो हसला आणि म्हणाला, "हो काका. दिव्यानीचंच हाय."

माझं खोटं त्यानं इतक्या सहज उचलून धरलं. बाबा पुस्तक पुन्हा पिशवीत गुंडाळून, काखेत मारून खुशीत जाळ्याकडे गेले. प्रणित माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "थँक यू, यार. मले वाटलं घरी तमाशा केला असशील." मग तो ज्यासाठी आला होता ते बोलला. कंपनीला दुसरा भाग हवा होता. तलावाचंच आणखी काहीतरी. "तुझ्याजवळ वह्या असतीलच न अजून?"

"नाव कोनाचं टाकशील?"

"आता तिथी मले लोक वळखतात. मधेच नाव बदललं तर ते विचारतील न. थोडं थांब, पुढं पाहू." आणि पाळीकडे बघत, अगदी मनापासून म्हणाला, "काय मस्त जागा हाय यार ही."

तेवढ्यात लटारूकाकानं मला हाक मारली. ढीग घालून झाले होते. सतरा घरांचे सतरा आणि पाहुण्याचा एक. मी पाठ करून उभी राहिले. समोर मोहाची झाडं, मागं सगळं गाव.

"हा कोनाचा?"

"सुकरीबाईचा."

"हा कोनाचा?"

"पत्रूभाऊचा."

नावं आपोआप येत होती. नीलाबाई बाळंत झाली होती, तिचं घेतलं. लालसू तेलंगणाकडे मिरची तोडायला गेला होता, त्याचं घेतलं. सोळा घरं संपली. दोन ढीग राहिले. आता पाहुण्याचं नाव घ्यायचं आणि उरलेला माझा. आमच्याकडे ते ठरलेलं आहे. वैऱ्याचंही नाव राहू द्यायचं नाही, म्हणून तर मी ती सगळी गोष्ट लिहिली होती.

"हा कोनाचा?"

"दिव्यानीचा," मी म्हटलं.

 लटारूकाकाची काठी पानावर वाजली. "अवं, तुह्यं नाव तू नाई घेत."

"घेतलं." आणि मी वळले. वाटणी संपायच्या आत आजवर कुणी वळलं नव्हतं.

"दिव्यानी," बाबा हळू आवाजात म्हणाले, "पाहुन्याचं राह्यलं. असं नाई करत, माय. घे त्याचं नाव."

"त्याचं राह्यलं नाई, बाबा. त्यानं आपलं नाव आपनच घेतलं हाय. पुस्तकात. तुम्ही बोट ठेवता न, ते त्याचं नाव हाय. लिहिलं मी, आन् नाव त्याचं."

प्रणित म्हणाला, "काका, तसं नाई, म्हणजे तिनंच—" पाळीवरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. सहा महिने मी हाच क्षण मनात रंगवला होता. त्यात त्याला पळून जाताना पाहिलं होतं, रडतानाही पाहिलं होतं.

बाबांनी काखेतलं पुस्तक काढलं. पिशवीतूनच त्या नावाकडे बराच वेळ पाहिलं, जसं काही आता त्यांना ते वाचता येणार होतं.

"मंग तुह्यं कुठी हाय?"

"कुठीच नाई, बाबा."

"मंग सा महिने मी लोकायले कोनाचं नाव दाखवून राह्यलो होतो?"

प्रणित मान खाली घालून उभा होता. पण बाबांनी हे त्याला विचारलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.